बेळगावहून एका दिवसात डॉल्फिन: आधी पंचांग बघा, मग बोट

प्रश्न अनगोळच्या एका नऊ जणांच्या कुटुंबाचा आहे. बरोबर ७२ वर्षांच्या आजी, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या, आणि ६ वर्षांचा नातू. जानेवारीत एखाद्या रविवारी पहाटे निघून रात्रीपर्यंत घरी यायचंय. समुद्रात बोटीतून डॉल्फिन बघायचे, जमलं तर पक्षी. कारवार बरं की मालवण, गाइड घ्यावा का, आणि डॉल्फिन नक्की दाखवणारा बोटवाला कोण, असं त्यांनी विचारलंय.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बहुतेकांची सहल तिथंच फसते. "दिसले नाहीत तर पैसे परत" असा फलक ज्या बोटीवर असेल, त्या बोटीत बसू नका. तो माणूस लबाड असतो असं मी म्हणत नाही. त्यानं स्वतःला अडकवून घेतलेलं असतं. नऊ जणांचे पैसे परत द्यायची पाळी येऊ नये म्हणून लांबवर पाठ दिसली रे दिसली की तो इंजिन पिळतो, बोट सरळ कळपात घालतो, आणि तुम्हाला दिसतं ते जीव घेऊन पळणारं जनावर. तेही एकदाच.

मी गेली अठरा वर्षं हिवाळ्यात शहापूर-वडगावपासून हिंडलगा-उचगावपर्यंतची माणसं कोकणात घेऊन जातो. सुरुवात पक्षी बघणाऱ्या चार पोरांपासून झाली, आता घरची घरं येतात. एवढ्या फेऱ्यांनंतर माझं मत असं झालंय की "काही दिसलं नाही हो" म्हणत परत आलेले बेळगावकर बहुतेक वेळा उशिरा पोचलेले असतात. सुट्टीच्या दिवशी आपण सातला निघतो. आंबोलीत चहा-मिसळ होते, सावंतवाडीत लाकडी खेळण्यांचं दुकान लागतं, आणि किनाऱ्यावर पाय ठेवेपर्यंत साडेअकरा वाजतात. तोवर समुद्र उठलेला असतो.

शाळेत मतलई वारे आणि खारे वारे शिकलो होतो, ते इथं कामाला येतं. रात्री जमीन लवकर निवते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हा मतलई वारा. हिवाळ्यात तो हलका असतो, आणि सकाळी सात ते नऊच्या दरम्यान किनाऱ्याजवळचं पाणी परातीत तेल ओतल्यासारखं सपाट असतं. ऊन चढलं, जमीन तापली की वारा फिरतो आणि अकराच्या सुमाराला समुद्रावरून खारा वारा सुटतो. मग पाण्यावर बारीक बारीक पांढरे तुरे दिसायला लागतात. अशा पाण्यात हातभर पाठ शोधायची म्हणजे जोंधळ्याच्या शेतात ससा शोधण्यासारखं आहे.

पाठच शोधायची असते, कारण आपल्या किनाऱ्याजवळ जो डॉल्फिन दिसतो तो टीव्हीवरच्यासारखा हवेत उड्या मारत नाही. क्वचित मारतो, पण त्यावर सहल आखू नका. हा हंपबॅक डॉल्फिन. बैलाला जसं वशिंड असतं तसा याच्या पाठीवर लांबट उंचवटा असतो आणि त्या उंचवट्यावर छोटा पर. रंग शिशासारखा करडा, पूर्ण वाढलेल्याची लांबी अडीच मीटरच्या आसपास. मालवणकडचे जुने मच्छीमार त्याला गादा म्हणतात. तो उथळ पाण्यात राहतो, साधारण २५ मीटरपेक्षा कमी खोलीत, आणि नद्यांच्या मुखाशी मासे गोळा होतात तिथं घुटमळतो. म्हणून तर तो किनाऱ्यापासून जवळ दिसतो. आणि म्हणूनच जाळी, बंदरं, सांडपाणी, बोटी हे सगळं त्याच्याच वाट्याला येतं. जगभरच्या यादीत तो आज संकटग्रस्त गणला जातो, आणि आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात त्याला वाघाच्या पंगतीला, पहिल्या अनुसूचीत जागा आहे. त्याला हैराण करणं हा गुन्हा आहे, हे बोटीतल्या कुणाला माहीत नसतं.

आता कारवार की मालवण. एकाच दिवसात जाऊन यायचं असेल तर कारवार सोडा. मला कारवार जास्त आवडतं, तरी हेच सांगेन. खानापूर, रामनगर, जोयडा, अणशी, कद्रा हा रस्ता सुंदर आहे, पण त्याचा मोठा भाग काळी व्याघ्र प्रकल्पातून जातो. तो रस्ता दिवसा, काचा खाली करून, धनेशाच्या पंखांचा फडफडाट ऐकत जायचा आहे. पहाटे तीनला अंधारात, पेंगणारा ड्रायव्हर आणि मागे झोपलेली आजी, असा नाही. कारवारला दोन दिवस द्या. काळी नदी जोयड्याच्या डिग्गीपाशी उगम पावते आणि १८४ किलोमीटर वाहत सदाशिवगडाच्या पायथ्याशी समुद्राला मिळते. त्या मुखासमोर कूर्मगड, देवगडचं दीपगृह, पलीकडे माजाळीचा किनारा. डॉल्फिन या मुखाशी नेहमी असतात. दक्षिणेला आयएनएस कदंब हा नौदलाचा तळ आहे. त्या बाजूला बोट नेण्याचा हट्ट धरू नका आणि तिकडे कॅमेराही रोखू नका, बोटवाल्याचा परवाना जातो. भाषेची अडचण येत नाही. तो कोकणीत बोलतो, आपण मराठीत, मधे चार शब्द कन्नड, गाडी चालते. गोव्याकडून येणार असाल तर काळी नदीवरचा जुना पूल ६-७ ऑगस्ट २०२४ च्या मध्यरात्री कोसळला तेव्हापासून वाहतूक शेजारच्या नव्या पुलावरून आहे, तिथं जरा वेळ धरा.

गोव्याच्या डॉल्फिन ट्रिपबद्दल थोडक्यात सांगतो. बोटी फार, गाणी मोठी. आजींना घेऊन नको.

उरला बेळगाव-वेंगुर्ला रस्ता. बाची, शिनोळी, पाटणे फाटा, आंबोली, सावंतवाडी. तुमच्या घरासाठी मी मालवण शहर नाही, वेंगुर्ला तालुक्याची उत्तरेकडची कड सुचवेन. कुडाळकडून परुळ्याला उतरायचं आणि कर्ली नदीच्या दक्षिण काठावर कोरजाईच्या बाजूला जायचं. समोरच्या काठावर तारकर्ली-देवबाग, तिथली गर्दी तिथंच राहू दे. बोट खाडीत उभी असते, म्हणजे धक्क्यावरून आत पाय ठेवता येतो. हे आजींसाठी सगळ्यात महत्त्वाचं. निवती किंवा भोगव्याच्या पुळणीवरून बोटीत चढायचं तर गुडघाभर पाण्यात लाटेबरोबर उडी मारावी लागते, आणि नवा गुडघा त्यासाठी केलेला नसतो. फोनवर पहिला प्रश्न हाच विचारा: चढायचं धक्क्यावरून की लाटेतून?

आणि इथं एक सावधगिरी. देवबाग दोन आहेत. एक मालवणचं, कर्लीच्या मुखाशी. दुसरं कारवारचं, काळीच्या मुखाशी. दोन्हीकडे सुरूची बनं, दोन्हीकडे डॉल्फिन, दोन्हीकडे खोल्या. माझ्याच ओळखीच्या एका घरानं इंटरनेटवर एका देवबागात खोली घेतली आणि गाडी दुसऱ्या देवबागात नेली. रात्री दहाला मला फोन, "इथं असं नाव कुणालाच माहीत नाही." तेव्हा बुकिंग करताना नदीचं नाव विचारून घ्या.

आता तारीख. रविवार कुठला घ्यायचा हे कॅलेंडरच्या लाल रंगावरून ठरवू नका, तिथीवरून ठरवा. कोकणातला जुना हिशेब असा आहे: तिथीला तीनानं गुणा, चारानं भागा, जे येईल त्या तासाला पूर्ण भरती. अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. सकाळी सहाला भरती, बाराच्या सुमाराला ओहोटी. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. निवती-वेंगुर्ल्याच्या बाजूला भरती यापेक्षा थोडी आधी येते, म्हणून शेवटी भरतीच्या तक्त्यावर नजर टाकायचीच, पण महिनाभर आधी दिवस निवडायला एवढं पुरतं.

अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं. पाणी खूप चढतं, खूप उतरतं, आणि नदीच्या मुखातून जोरात बाहेर पडतं. कर्लीच्या मुखाशी वाळूचा उथळ बांध आहे. उधाणाची ओहोटी बाहेर धावत असताना समोरून लाट आली की त्या बांधावर पाणी उभं राहतं, आखूड, खड्या लाटा. बोट त्यातून आपटत जाते. तरण्याताठ्यांना मजा वाटते. आजींच्या पाठीला नाही. अष्टमीनंतरचे दोन-तीन दिवस मात्र भांगाचे. पाण्याला ओढ कमी, मुख शांत. म्हणून तुमच्यासाठी अष्टमी ते दशमी यांतला कुठलाही दिवस. रविवार जुळला नाही तर एखाद्यानं रजा टाकावी, पण पौर्णिमेचा रविवार घेऊ नये. एकादशी गाठू नका म्हणत नाही मी, पण मग आजींचा उपवास आणि बोटीतली मळमळ दोन्ही सांभाळावं लागेल.

या निवडीचा दुसरा फायदा असा की सकाळी बोटीच्या वेळेला खाडीत पाणी भरपूर असतं, आणि दहा-अकराला पाणी उतरलेलं असतं. तेव्हा कांदळवन, म्हणजे खाडीच्या चिखलातलं खारफुटीचं जंगल, बघायचं.

वेळेचं गणित. माझी पहिली पसंती शनिवारी दुपारी निघून परुळे-भोगवे भागात कुणाच्या घरी मुक्काम, हीच. माशाचं गरम कालवण, नऊला झोप, सहाला उठलं की धक्का जवळच. पण तुम्ही एका दिवसाचं म्हणताय, तर रात्री अडीचला अनगोळातून निघा. साधारण चार तास. ड्रायव्हर आदल्या दिवशी दुपारपासून झोपलेला हवा, घरच्यापैकी ऑफिसातून आलेला कुणी नको. चंदगड-आंबोलीच्या पट्ट्यात रस्त्यावर गवे येतात. वळणावर दिव्यात आधी पांढरे पाय दिसतात, मोजे घातल्यासारखे, आणि मग वर केवढी तरी काळी भिंत. थांबा, दिवे मंद करा, हॉर्न वाजवू नका, तो जातो. सहलीतलं पहिलं जनावर कित्येकदा तेच असतं आणि गाडीतले निम्मे झोपलेले असतात.

जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो. सातला बोटीत बसलात तर उजेड आणि शांत पाणी दोन्ही मिळतं. दोन तास पुरे. नऊ-सव्वानऊला परत.

बोट कशी निवडायची? दराचा आकडा मी देत नाही, तो हंगामागणिक बदलतो. मात्र माणशी दर ठरवू नका, पूर्ण बोटीचा ठरवा. माणशी दर असला की बोटवाला आणखी सहा जण येईपर्यंत थांबतो आणि तुमची शांत वेळ धक्क्यावर संपते. मग फोनवर हे विचारा: "काका, डॉल्फिन दिसले की इंजिन बंद करता का?" "करतो, मग ते आपणच वर येतात" असं उत्तर आलं तर पैसे पाठवून मोकळे व्हा. "इंजिन बंद केलं तर दिसणार कसे?" असं म्हणाला तर नमस्कार करून दुसरा नंबर लावा.

दुसरी गोष्ट जॅकेटची. २०१९ च्या जानेवारीत कूर्मगडच्या नरसिंहाच्या जत्रेहून परतणारी बोट कारवारजवळ उलटली, सोळा जण गेले. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटली, दोघे गेले. दोन्ही ठिकाणं आपल्या रोजच्या जाण्यायेण्यातली. म्हणून हा मुद्दा मी थट्टेवारी नेऊ देत नाही. बोटीत जॅकेटं असतात, प्रश्न नातवाच्या मापाचं आहे का हा असतो. मोठ्या माणसाचं जॅकेट लहान मुलाला घातलं तर पाण्यात पडल्यावर जॅकेट वर राहतं आणि मूल खालून निसटतं. तपासायची रीत सोपी आहे. जॅकेट घालून सगळे बंद आवळा, मग खांद्याच्या पट्ट्या धरून पोराला हलकेच वर उचला. जॅकेट कानापर्यंत आलं तर ते त्याचं नाही. दोन पायांमधून जाणारा पट्टा असेल तर उत्तम. नसेल तर बेळगावातून निघतानाच मुलांच्या मापाचं एक विकत घ्या, नदीला, हौदाला, पुढंही कामाला येतं. आजींनाही जॅकेट, पदराच्या वरून, फोटोपुरतं नाही. बोटीवर नोंदणी क्रमांक आणि किती माणसं बसवायची तो आकडा रंगवलेला असतो. आकडा वाचा, डोकी मोजा.

आदल्या संध्याकाळी हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेच्या संकेतस्थळावर लाटांचा इशारा बघा. आकाश निरभ्र असताना लांबच्या वादळाच्या लाटा किनाऱ्याला येऊन लागतात, त्या आपल्याला बेळगावातून कळत नाहीत. आणि सकाळी धक्क्यावर तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, "आज नको" म्हणाला तर वाद घालू नका. त्याचंही पोट त्या फेरीवर असतं, तरी तो नको म्हणतोय.

उलट्यांचं सांगतो, कारण घाट आणि बोट एकापाठोपाठ येतात. आंबोली उतरताना ज्याला मळमळतं त्याला बोटीत नक्की होणार. मळमळीची गोळी प्रवासाच्या आधी अर्धा-एक तास घ्यायची असते, उलटी झाल्यावर नाही. नातवाची मात्रा तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या, आजींच्या बाकीच्या गोळ्यांशी जमते का तेही. पोट रिकामं नको आणि पुरी-भाजीनं भरलेलंही नको. दोन केळी, चार बिस्किटं, बरोबर आलेपाकाच्या वड्या. बोटीत मळमळ वाटली तर मोबाइल खिशात घालून लांबच्या क्षितिजाकडे बघत बसायचं. आजींना मधल्या बाकावर बसवा, पुढच्या टोकावर नाही. टोक उडतं, मध्य कमी हलतो.

बोटीत गेल्यावर काय करायचं? एक चूक माझी सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत मी चौदा जणांना घेऊन गेलो होतो. आंबोलीत नाश्त्याला तासभर गेला, अकराला बोट सुटली, पाणी खवळलेलं. दोन मुलांनी ओकाऱ्या काढल्या. तेवढ्यात लांबवर दोन पाठी दिसल्या आणि बोटीतून एकच ओरडा झाला, "पळव पळव!" बोटवाल्यानं पळवली. आणखी तीन बोटी आल्या. जवळ गेल्यावर कळलं की एक आई होती आणि तिला बिलगून पिल्लू, फिकट रंगाचं, जेमतेम हातभर दिसणारं. बोटी मधे घुसल्या आणि दोघं दोन बाजूंना वर आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बोट माझ्या शब्दावर चालली होती आणि मी गप्प बसलो. त्यानंतर मी बोटीत चढायच्या आधीच सगळ्यांना सांगतो: पाठलाग नाही, ओरडणं नाही. ज्याला पटत नाही त्यानं धक्क्यावर चहा प्यावा.

माझी रीत अशी. मुखाबाहेर पडलं की बोट मंद. बोटीचं नाक म्हणजे बारा वाजले, उजवा हात तीन, मागे सहा, डावा हात नऊ. कुणाला काही दिसलं तर "तिकडे बघा, तिकडे" ऐवजी "दोनवर" म्हणायचं. सहा वर्षांचं पोर हे दोन मिनिटांत शिकतं आणि मग सगळ्यात आधी तेच ओरडतं. डॉल्फिन शोधायचा तर आधी आकाश बघा. सुरय आणि कुरव हे समुद्रपक्षी एकाच जागेवर घिरट्या घालत पाण्यात मुसंडी मारत असतील तर खाली माशांचा थवा आहे, आणि त्या थव्यावर आणखी कुणाची तरी नजर असणार. पाठ दिसली की लगेच जवळ जायचं नाही. ते कुठल्या दिशेनं चाललेत ते दोन-तीन वेळा वर येईपर्यंत बघायचं, त्यांच्या बाजूनं, समांतर, हळूहळू जायचं. समोरून आडवं नाही, पाठीमागून रेटत नाही. पन्नासेक मीटरवर इंजिन बंद. आधीच दोन बोटी तिथं असतील तर आपण लांबच थांबायचं. वीस मिनिटं झाली की निघायचं.

इंजिन बंद झाल्यावर पहिली दोन मिनिटं काहीच होत नाही. बोटीच्या अंगाला पाणी चुबुक चुबुक लागत असतं. लोक चुळबुळतात, कुणीतरी हळूच विचारतं, गेले काय हो? मग मागून, जिकडे कुणी बघत नसतं तिकडून, आवाज येतो. फुस्स. कुकरची शिट्टी होता होता राहते ना, तसा. श्वास आहे तो. वळून बघेपर्यंत आधी लांब चोच, मग वशिंड, मग ओली पाठ गोल फिरत पाण्यात जाते. पाण्यावर एक गुळगुळीत चकती उरते. दोन-तीन वेळा असं होतं, मग एखादी मोठी बुडी, त्यात शेपटी वर येते. मोबाइल काढेपर्यंत संपलेलं असतं, म्हणून पहिल्या दिवशी मोबाइल काढूच नका. दुर्बीण असेल तर ८ बाय ४२ ची घ्या. दहापटीची बोटीत थरथरते.

चुकूनमाकून छोटी, काळपट, पाठीवर परच नसलेली पाठ दिसली आणि लगेच नाहीशी झाली तर तो पॉरपॉइज, डॉल्फिनचा लहान भाऊबंद. बोटवाला त्याला डॉल्फिनचं पिल्लू म्हणेल. म्हणू दे, पण तुम्ही खूश व्हा, तो बुजरा प्राणी सगळ्यांना दिसत नाही.

डॉल्फिन दिसलेच नाहीत, असं होतं. माझंही झालंय, लागोपाठ दोन खेपा. म्हणूनच सगळी मदार त्यांच्यावर ठेवू नये. निवतीच्या कड्यांवर पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड बघा. पंख पसरले की सहा फुटांच्या वर, उडताना इंग्रजी व्ही अक्षरासारखे वर उचललेले. त्याच्यासमोर तांबूस-पांढरी ब्राह्मणी घार अगदी लहान दिसते. मुखाजवळच्या वाळूच्या बेटावर कुरवांचे थवे बसतात, उत्तरेकडून हिवाळ्यापुरते आलेले. त्यांना उडवण्यासाठी पोरं धावतात, आईबाप त्याचं शूटिंग करतात. नातवाला हे करू देऊ नका. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला आपण उगीच आणखी उडवत असतो.

गाइड घ्यावा का, याचं उत्तर इथं येतं. डॉल्फिनसाठी वेगळा गाइड नको, जुना तांडेल हाच गाइड. कांदळवनासाठी मात्र दाखवणारा हवाच, नाहीतर आपल्याला चिखल आणि झुडपं दिसतात. साडेनऊला कोरजाईहून निघालात तर म्हापणमार्गे तासाभरात वेंगुर्ला. तिथं मांडवी खाडीत स्वामिनी या बचत गटाच्या बायका वल्ह्याच्या होडीतून कांदळवन दाखवतात. इंजिन नाही, लाट नाही. माझ्या मते आजींना दिवसभरात हेच जास्त आवडेल. वल्हवणारी बाईच सांगते की या झाडाची मुळं चिखलातून वर का आलीत (खाली हवा नसते, ती श्वास घ्यायला वर येतात), आणि या झाडाच्या शेंगा झाडावरच का रुजतात. ओहोटीला चिखल उघडा पडला की निवट्या दिसतात, पाण्याबाहेर चालणारे मासे. पुढच्या दोन परांवर रेटा देत सरकतात, डोळे टपोरे डोक्यावर, आणि मधूनच बेडकासारखी उडी. शेजारी एकच नांगी मोठी असलेले खेकडे, ती नांगी हलवत बोलावल्यासारखं करतात. काळ्या डोक्याचा खंड्या फांदीवर बसलेला असतो, जांभळा-निळा, चोच लाल. कॅमेरा असेल तर इथं काढा, इथं सगळं स्थिर असतं. होडी आधी फोन करून ठरवावी लागते, आणि पाण्याची वेळ त्यांच्याकडूनच पक्की करा. फार उतरलं तर होडी आत जात नाही.

फेब्रुवारी-मार्चपर्यंत सहल पुढे गेली तर वायंगणीच्या किनाऱ्यावर कासवाची पिल्लं समुद्रात सोडताना बघायला मिळू शकतात. ऑलिव्ह रिडलेची अंडी फुटायला ४५ ते ६० दिवस लागतात, म्हणून नेमका दिवस आदल्या रात्रीच कळतो. कारवारकडे माजाळी-देवबागलाही हे काम चालतं. फ्लॅश नाही, हात लावणं नाही. जून-जुलैत कुठंच जाऊ नका. त्या काळात मासेमारीही बंद असते, बोटी वर ओढलेल्या असतात.

गाडीचं एक. स्वतःची पांढऱ्या पाटीची असेल तर प्रश्न नाही. पिवळ्या पाटीचा टेम्पो ट्रॅव्हलर करणार असाल तर महाराष्ट्राचा परवाना आणि कर भरल्याची पावती मालकाकडून आधी मागून घ्या. शिनोळीला रात्री तीनला अडलात तर भरती तुमच्यासाठी थांबत नाही. सीमेवर कधी वातावरण तापलं की दोन्हीकडच्या बसगाड्याही थांबवतात, हे तुम्हाला सांगायला नको. १ नोव्हेंबरच्या, म्हणजे राज्योत्सव आणि काळ्या दिनाच्या, आसपास मी सहल ठेवतच नाही.

परतीला वेंगुर्ल्यात दीडपर्यंत जेवण उरकून तीनच्या आत सावंतवाडी सोडा, म्हणजे घाट उजेडात चढता. ड्रायव्हरला जेवणानंतर अर्धा तास गाडीत झोपू द्या आणि तेवढ्या वेळात बाजारातून काजू-कोकम घ्या. आजींना ओले कपडे बदलायला एक जास्तीची साडी वरच्या पिशवीत ठेवा, डिकीत नको. बोटीत कितीही जपलं तरी परतताना शेवटचा एक सपकारा अंगावर येतोच, आणि तो नेमका मधल्या बाकावर येतो.